डाळीच्या डब्यावर ‘लघन’

“लघन,” हिरा म्हणाली.

“पुन्हा वाच.”

“ल, घ, न. लघन. बाई, ह्ये काय असतंय?”

मी तिच्या हातातलं झाकण घेतलं. त्यावर ॲल्युमिनिअमची पट्टी चिकटवलेली होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, टिंबं कशी टंच. बोट फिरवलं. लघन. दुसऱ्या झाकणावर घजच. तिसऱ्यावर लतग. स्टीलचे बारा नवेकोरे डबे, बारा झाकणं, आणि एकावरही धड शब्द नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अकराला पाहुणे येणार होते आणि हिराने सगळ्या वस्तीसमोर हीच लेबलं वाचून दाखवायची होती.

मी स्वतः जन्मापासून आंधळी. पुण्यातल्या एका संस्थेत ‘होम टीचर’ होते. मोठेपणी ज्यांची नजर गेली त्यांच्या घरी जायचं, पांढरी काठी घेऊन चालणं, ब्रेल वाचणं, स्वयंपाक, झाडलोट हे सगळं नव्याने शिकवायचं, हे माझं काम. दौंड आणि शिरूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. राहायला दौंडला, फिरायला एसटी. “बाई, कुणीतरी सोबत आणत जा,” हा सल्ला तिकिटाबरोबर फुकट मिळायचा.

हिरा घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहायची. तिशीची बाई. काचबिंदूनं दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. घर धनगराचं. सासू गऊबाई तरुणपणी मेंढरांमागे मुलूख हिंडलेल्या. आता ऊस होता, बाजरी होती आणि दारात चार मेंढ्या, त्याही म्हातारीला करमावं म्हणून. नजर गेल्यावर एकदा हिराच्या हातून कालवणात मिठाऐवजी धुण्याचा सोडा पडला. पहिल्या घासालाच सगळ्यांची तोंडं पोळली, पोटं बिघडली. त्या दिवशी गऊबाईंनी सुनेला चुलीपुढून उठवलं ते उठवलंच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मला स्पष्ट म्हणाल्या, “बाई, सा म्हयने देती. शिकली तर चूल तिची. न्हाईतर भांडगावला तिच्या आयकडं नेऊन घालती. हितं कोपऱ्यात बसून रडायचं, त्यापरीस तिकडं बरी.”

हिराचा नवरा आईपुढे ब्र काढत नसे. म्हणजे जो काही निकाल लागायचा तो गऊबाईंच्या तोंडून.

लेबल लावणं हे काम ऐकायला फार सोपं वाटतं. डोळस माणसाला तर फारच सोपं वाटतं, कारण ते त्याला कधी करावं लागत नाही. आमच्या धंद्यात त्याचे दोन साधे नियम आहेत. पहिला, जिथे हात चुकू शकतो तिथेच लेबल. हिराचं मीठ चिनी मातीच्या बरणीत होतं, चहा काचेच्या बरणीत, गूळ पोचा आलेल्या पत्र्याच्या डब्यात. हात लागताच कळायचं, तिथे लेबल कशाला? तूर, मूग आणि हरभऱ्याची डाळ मात्र एकसारख्या डब्यांत होती. त्या तीन डब्यांना लेबलं केली. शिरूरच्या एका डॉक्टरकडून जुन्या एक्स-रे फिल्म मागून आणल्या. फिल्म पाण्याला दाद देत नाही आणि त्यावर टोचलेलं टिंब वर्षानुवर्षं चपटं होत नाही. धुण्याचा सोडा मी चुलीजवळून उचलून मोरीत, पत्र्याच्या डबड्यात नेऊन ठेवायला लावला. दुसरा नियम, लेबल डब्याच्या अंगाला लावायचं, झाकणाला कधीही नाही.

गऊबाई हे सगळं उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. “म्हंजी मेंढराच्या कानाला खूण करत्यात तसं?” त्यांनी विचारलं. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी ओळखू यावं म्हणून धनगर त्याच्या कानाला कातरीनं खाच पाडतात. अंधारातही ती हाताला लागते. मी म्हटलं, “अगदी तसंच, मावशी.” तिन्ही डबे होईपर्यंत त्या उंबऱ्यातून उठल्या नाहीत.

ब्रेल शिकताना हिराने मला रडकुंडीला आणलं होतं. ब्रेल लिहितात पाटीवर. पाटी म्हणजे बारीक चौकटींची पट्टी. तिच्यात कागद अडकवायचा आणि टोच्याने टिंबं टोचायची. टिंब उठतं कागदाच्या मागच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटं, आणि कागद पालथा करून वाचायचं डावीकडून, सुलटं. त्यात गंमत अशी की काही अक्षरं एकमेकांची पालथी रूपं आहेत. ल पालथा केला की ळ होतो. क चा ख, ब चा भ. हिराचा नेमका तिथेच घोटाळा. आईला पहिलं पत्र लिहिलं त्यात ‘काळजी करू नको’ऐवजी ‘खालजी खरू नखो’. मी महिनाभर तिच्यावर ओरडत होते. “पाटीवरची बाजू वेगळी, वाचायची बाजू वेगळी, कितीदा सांगू?” असं मी किती वेळा म्हटलं असेन त्याला गणती नाही. पाचव्या महिन्यात तिचं वाचन सुधारलं. भाकरी, कालवण, चहा, सगळं ती माझ्या देखरेखीखाली करू लागली. आता गऊबाईंनी हो म्हणायचंच काय ते बाकी होतं.

आणि इथे आमच्या संस्थेला प्रोजेक्ट सुचला.

शिरूरकडच्या एमआयडीसीतला एक कारखाना मदत करायला तयार झाला होता. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सबनीस सर मला पुण्याला मीटिंगला घेऊन गेले. कारखान्याच्या टूलरूमचे प्रमुख कदम साहेब तिथे होते. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि ठसे बनतात तो विभाग. कदम साहेबांनी योजना सांगितली. प्रत्येक अंध महिलेला बारा स्टीलच्या डब्यांचा सेट, वर ब्रेल लेबल.

“डबे लहानमोठे आहेत ना?” मी विचारलं.

“छे! सगळे एक साईज. युनिफॉर्म. ओळीत ठेवले की काय सुंदर दिसतात, मॅडम!”

“कुणाला?”

कदम साहेबांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. सबनीस सर घाईघाईने म्हणाले, “मॅडमना विनोदाची फार सवय आहे.”

मी विनोद केला नव्हता. ज्या बाईचे बारा डबे बारा तऱ्हेचे आहेत तिला तुम्ही बारा सारखे डबे देणार. मग ते ओळखता येत नाहीत म्हणून लेबल देणार. आधी पाय मोडायचा आणि मग कुबडी देऊन टाळ्या घ्यायच्या, यातला प्रकार. वर लेबल झाकणावर, कारण वरून फोटोत चांगलं येतं. मी झाकणाचं सांगितलं. सबनीस सरांनी “नोटेड” म्हटलं. आमच्या ऑफिसात ‘नोटेड’ याचा अर्थ ‘आता गप्प बसा’ असा होता.

“निदान लेबलाचं एक सॅम्पल मला पाठवा. बोट लावून बघते.”

“मॅडम, त्यांना ब्रेलचा चार्ट दिलाय,” सबनीस सर म्हणाले. “ही माणसं मायक्रॉनमध्ये काम करतात.”

सॅम्पल मी तीनदा मागितलं. दोनदा फोन केला, एकदा पत्र टाकलं. आलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी थेट बारा डबे आले, जीपमधून, हिराच्या दारात. मी वस्तीवर पोहोचायच्या आत ड्रायव्हरने कामगिरी फत्ते केली होती. बरण्या-डब्यांतलं सगळं सामान नव्या डब्यांत भरलं होतं आणि हिराची जुनी भांडी गोठ्यामागे नेऊन टाकली होती. ‘स्वच्छ दिसायला पाहिजे’ असा साहेबांचा निरोप होता. कुठला डबा कशाचा हे ड्रायव्हरकडच्या कागदावर क्रमाने लिहिलं होतं. शेवटचा, बारावा, धुण्याचा सोडा.

“सोडा? स्वयंपाकाच्या डब्यांत?” मी सबनीस सरांना विचारलं. ते जीपबरोबरच आले होते.

“सेट बाराचा आहे ना. अकराच वस्तू सुचल्या.”

लेबलं का चुकली हे मला पट्टीला हात लागल्याबरोबर कळलं होतं. कारखान्यातल्या माणसाने चार्ट समोर ठेवला. चार्टात दिसतात तशीच टिंबं वरून पट्टीवर ठोकली. टिंबांची फुगीर बाजू वर यावी म्हणून पट्टी पालथी केली आणि चिकटवली. अक्षरं पालथी, शब्दही शेवटाकडून सुरुवातीकडे. डाळीचं झालं लघन, चहाचं घजच, गुळाचं लतग. क्वालिटीवाल्यांनी टिंबांची उंची मोजली असेल, अंतर मोजलं असेल, चकाकी पाहिली असेल. एका आंधळ्या माणसाचं बोट तेवढं कुणाला लावावंसं वाटलं नाही. सोन्याची सुरी म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही, पण ही माणसं दुसऱ्याच्या पोटात खुपसायला निघाली होती.

मी सरांना सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, आता काही होणार नाही. चिकटवलेल्या पट्ट्या निघत नाहीत, इंडस्ट्रियल ग्लू आहे. तुम्ही तिच्याकडून क्रम पाठ करून घ्या. पहिला डाळ, दुसरा चहा, तिसरा गूळ. बोट फिरवायचं आणि म्हणायचं. कुणाला कळतंय?”

म्हणजे जी बाई सहा महिने घासून खरं वाचायला शिकली, तिने डोळस लोकांच्या समाधानासाठी वाचायचं सोंग करायचं. मला संताप आला. पण भीतीही वाटली. हिराने वस्तीसमोर ‘लघन’ वाचलं असतं तर लोक हसले असते आणि गऊबाईंनी तिचं गाठोडं बांधलं असतं. चूक पट्टीची आहे हे मी कुणाला पटवणार होते? दोन आंधळ्या बायकांच्या साक्षीवर मायक्रॉनवाला कारखाना खोटा पडतो होय! मी आत गेले आणि लाज वाटते सांगायला, पण हिराला म्हटलं, “आजच्या दिवस क्रम पाठ कर.”

तिची बोटं झाकणावर फिरताना ऐकू येत होती.

“बाई, ही पाटीवरची बाजू हाय न्हवं? लिवताना हाताखाली येती ती?”

“हो.”

“मंग पाठ कशाला करू? ह्यो ल म्हंजी ळ. शेवटाकडनं धरलं की डाळ. वाचते की मी.” आणि मग जरा हसून, “लई शिव्या खाल्ल्यात मी ह्या बाजूपायी.”

महिनाभर मी ज्या घोटाळ्यावरून तिला बोलत होते, तो तिच्या बोटांत पक्का बसला होता. माझ्यापेक्षा वेगाने ती उलटं वाचत होती. मला तिची माफी मागावीशी वाटली. वेळ नव्हता.

अकरा म्हणता पाहुणे साडेबाराला आले. दारात मांडव, सतरंज्या, भोंगा. कारखान्याचे मोठे साहेब, कदम साहेब, हार, नारळ. गऊबाई पुढेच बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला अगदी जवळून येत होता. फोटोग्राफरला डबे ओळीत आवडले नाहीत. त्याने ते एकावर एक रचायला लावले. मग म्हणाला, “झाकणं काढा, आतला माल दिसू द्या.” झाकणं निघाली, फोटो निघाले, झाकणं परत लागली. बारा एकसारखी झाकणं, आणि लावणारा ड्रायव्हर. सबनीस सर माझ्या कानाशी कुजबुजले, “क्रम गेला की हो!” मी म्हटलं, “नोटेड.”

मोठे साहेब मायकवर म्हणाले, “ताई, आम्हाला डाळीचा डबा शोधून दाखवा.”

हिराने दोन-तीन झाकणं चाचपली. मग एक डबा पुढे घेतला. “ह्याच्यावर लघन लिवलंय,” ती म्हणाली.

मांडव हसला. मागून कुणीतरी “लंगन, लंगन, उपासच की!” असं ओरडलं. गऊबाईंच्या बांगड्या थांबल्या.

“हसू नका,” हिरा म्हणाली. “लघन म्हंजी डाळ, पाठीकडनं लिवल्याली. साहेब, तुमच्या मानसानं पट्टी पालथी लावलीया. ह्यो बगा, घजच. चहा. ह्यो लतग. गूळ.”

कदम साहेब म्हणाले, “असं कसं? चार्टप्रमाणेच आहे.”

“चार्ट डोळ्यांसाठी आहे, साहेब,” मी बसल्या जागेवरून म्हटलं. “टिंबं बोटांसाठी असतात. वरून ठोकलीत आणि पालथं केलंत. कागदावर एक अक्षर टोचून बघा.”

समोरून कागद टोचल्याचा आवाज आला. टोचून बघण्याइतकी लाज कदम साहेबांना होती म्हणायची, त्यांनी पुढे वाद घातला नाही. मोठ्या साहेबांनी सावरून घेतलं. “वा, वा, म्हणजे ताई उलटंसुद्धा वाचतात! आता ताई, चिमूटभर मीठ काढून द्या, आणि आपण चहा घेऊ.”

हिराने मिठाचं झाकण शोधलं. उघडलं. चिमूट घेतली आणि थांबली. तांब्यातलं पाणी वाजलं; तिने बोट ओलं करून चिमूट चोळली. मी तिला हेच शिकवलं होतं. मीठ ओल्या बोटाला खरखरतं. सोडा बुळबुळतो.

“वर मीठ लिवलंय,” हिरा म्हणाली. “आत धुन्याचा सोडा हाय.”

त्या घरात सोड्याने काय केलं होतं ते वस्तीला ठाऊक होतं.

गऊबाई उठल्या. डब्याजवळ गेल्या, आत हात घातला तशा बांगड्या वाजल्या, मग वास घेतल्याचं ऐकू आलं. पहिल्यांदा त्या ड्रायव्हरशी बोलल्या, “झाकनं तू लावलीस?” तो म्हणाला, सगळी सारखीच आहेत मावशी, कुठलंही कुठेही बसतं. मग गऊबाई मोठ्या साहेबांकडे वळल्या. मायक समोरच होता, त्यामुळे पुढचं सगळं भोंग्यातून गेलं आणि उसातल्या लोकांनीही ऐकलं.

“सायेब, खूण मेंढराच्या कानाला करत्यात. गळ्यातल्या दोरीला न्हाई. दोरी कुनाच्याबी गळ्यात जाती. येवढं तुमच्या कारखान्यात कुनाला ठावं न्हाई व्हय?”

कदम साहेबांचे बूट वाळूवर मागे सरकल्याचं मी ऐकलं.

“आन् माझ्या सुनंचे डबे कुठं टाकले? आना माघारी.”

‘माझ्या सुनंचे डबे’ हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकले. ड्रायव्हर गोठ्यामागून भांडी घेऊन आला. चिनी मातीच्या बरणीचा कान तुटला होता. “तुटू दे,” हिरा म्हणाली, “आता तर आनखी लौकर वळकू यील.” पाहुण्यांचा चहा तिने केला. पोच्याच्या डब्यात परत भरलेला गूळ घालून, चुलीवर, गऊबाई बाहेर बसलेल्या असताना. त्या आत बघायलाही गेल्या नाहीत. भांडगावचा विषय नंतर त्या घरात निघाला नाही.

सबनीस सरांचा रिपोर्ट मी नंतर ऑफिसातल्या क्लार्ककडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, ‘लाभार्थीने ब्रेल लेबले यशस्वीरीत्या वाचून दाखवली.’ खोटं काहीच नव्हतं. बाकीच्या घरांसाठी पट्ट्या पुन्हा बनल्या, सुलट्या. झाकणावरच. यावेळीही सॅम्पल माझ्याकडे आलं नाही. मी दोन्ही तालुक्यांतल्या घरांत फिरून एक्स-रेच्या फिल्म डब्यांच्या अंगाला लावत बसले, आणि ते काम कुठल्या रिपोर्टात आलं नाही.

हिराच्या घरातले ते बारा डबे पुढच्या उन्हाळ्यात नणंदेच्या रुखवतात गेले. ओळीत मांडले तेव्हा फार सुंदर दिसले म्हणे. नणंदेची नजर उत्तम आहे. तिच्या सासरी डाळीच्या डब्यावर आजही ‘लघन’ असेल आणि आत काय असेल ते झाकण उघडल्याशिवाय तिलाही सांगता येणार नाही.

मराठीत डोळस या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे ज्याला दिसतं तो. दुसरा म्हणजे समजून-उमजून वागणारा. तीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्या अर्थाची माणसं ढिगाने भेटली. दुसऱ्या अर्थाची दोन त्या दिवशी एकाच घरात भेटली. त्यातल्या एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीला वाचता येत नव्हतं.